उत्तर माहीत नसलेले ट्रेकर

महाराष्ट्रात ट्रेकिंग आता मूठभर वेड्यांचं राहिलेलं नाही. जून लागला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बसगाड्या सुटतात आणि पहाटे कळसूबाईच्या शिड्यांपाशी, हरिहरच्या पायऱ्यांवर रांगा लागतात. यावर नाक मुरडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारी ती रडकथा मला लिहायची नाही. माणसं डोंगरात जातात हे चांगलंच आहे, आणखी जावीत.

माझं भांडण वेगळं आहे. या रांगेतल्या कुणालाही, आणि शिट्टी गळ्यात अडकवून सगळ्यांत पुढे चालणाऱ्या लीडरलाही, ढगाळ दिवशी विचारून पाहा की उत्तर कुठे आहे. हात खिशात जातो, फोन बाहेर येतो. फोन भिजलेला असेल किंवा बॅटरी संपलेली असेल, तर उत्तर नाही. दोन्ही अर्थांनी.

वर्षाला वीस-वीस किल्ले करणारी, गडांच्या उंच्या आणि सनावळ्या तोंडपाठ असणारी, बुटांच्या तळव्यांवर तासभर वाद घालणारी ही माणसं आहेत. पण साधा टोपोशीट समोर ठेवला तर त्यातली सोंड कुठली आणि नाळ कुठली हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नाही. पोहता न येणाऱ्याने खोल पाण्यात उतरू नये हे आपण मान्य करतो. नकाशा वाचता न येणाऱ्याने चाळीस जणांना धुक्यात नेऊ नये, हे मात्र कुणी मोठ्याने म्हणत नाही. मी म्हणतो. आणि हे कौशल्य न शिकण्यासाठी आपण ज्या सबबी जमवल्या आहेत, त्यांचा हिशेबही मांडतो.

नकाशा काय देतो

आधी हे कौशल्य म्हणजे नेमकं काय ते पाहू. कारण होकायंत्र म्हणजे उत्तर दाखवणारी डबी आणि नकाशा म्हणजे रस्त्यांचं चित्र, एवढीच अनेकांची समजूत असते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा टोपोशीट घ्या. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. आपल्या अक्षांशावर असा एक कागद सुमारे सव्वासातशे चौरस किलोमीटर मुलूख दाखवतो. त्यावर तपकिरी समोच्च रेषा असतात, ट्रेकर त्यांना कंटूर म्हणतात. दोन रेषांमधलं उभं अंतर २० मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजली इमारतीएवढं. रेषा विरळ असतील तर पठार किंवा पदर, दाट असतील तर चढ, एकमेकींना चिकटल्या तर कडा. उताराकडे जिभेसारख्या बाहेर आलेल्या रेषा म्हणजे सोंड, चढाकडे आत घुसलेल्या म्हणजे घळ किंवा नाळ. दोन उंचवट्यांच्या मधे कंबर बारीक झाली की खिंड. ओढ्याची रेघ निळी असेल तर पाणी असण्याची आशा, काळी असेल तर तो ओढा कोरडा धरायचा. मार्च महिन्यात एवढी एक गोष्ट कळली तरी कागदाचे पैसे वसूल होतात.

आता गंमत पाहा. सोंड, धार, खिंड, नाळ, घळ, पदर, दांड, माची, पठार. डोंगराच्या आकारांना इतके नेमके शब्द आपल्या भाषेत आहेत आणि ट्रेकर ते रोज वापरतात. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द समोच्च रेषांच्या एका ठरावीक वळणाशी जोडता येतो. म्हणजे शब्दसंपत्ती तयार आहे, फक्त लिपी शिकायची आहे. दोन रविवारांचं काम.

हे प्रत्यक्षात कसं लागतं? हरिश्चंद्रगड घेऊ. खिरेश्वरहून तोलार खिंडीत यायचं, कातळटप्पा चढायचा आणि मग टेकाडांमागून टेकाडं ओलांडत देवळापाशी पोचायचं. हिवाळ्यात या वाटेवर चुकायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसेनासा होतो आणि ढोरवाटा खऱ्या वाटेइतक्याच ठसठशीत होतात. या गडावर पावसाळ्यात वाट चुकून उघड्यावर रात्र काढल्याच्या बातम्या येत राहतात आणि गारठून माणूस दगावल्याचंही घडलेलं आहे. भिजलेलं अंग आणि वारा एवढं त्यासाठी पुरतं, बर्फ लागत नाही.

नकाशा वाचणारा माणूस इथे काय करतो? खिंडीत उभं राहून तो पाहतो की देऊळ साधारण पश्चिमेला आहे. कागदावर अंतर मोजतो, चढ-उतार मोजतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला आडाखा अजून कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या चिखलात आणि पाठीवरच्या ओझ्यासह त्यात भर घालायची. वाटेत किती ओढे आडवे येणार, ते कुठल्या बाजूला वाहत असणार, चढ डाव्या हाताला राहणार की उजव्या, हे तो निघण्याआधीच टिपून ठेवतो. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी ताळा करतो. नकाशातला ओढा वेळेवर आला नाही तर तो थांबतो. पुढे जाऊन 'बघू' म्हणत नाही. कारण त्याला हेही माहीत असतं की देवळाच्याही पश्चिमेला बेफाम चालत राहिलं तर शेवटी कोकणकडा आहे. दिशा बरोबर असून वेळेचं भान नसेल, तर ती दिशाच घात करू शकते.

चूक कुठे झाली हे दहा मिनिटांत कळणं आणि तीन तासांनी कळणं, यात चहा आणि शोधमोहीम एवढा फरक असतो.

होकायंत्राच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. अनेक देशांत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत कित्येक अंशांचा फरक असतो आणि दर वाचनाला बेरीज-वजाबाकी करावी लागते. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाहून कमी आहे. एक अंशाची चूक किलोमीटरभर चालल्यावर सतरा-अठरा मीटर भरते, म्हणजे चालणाऱ्याने ती विसरावी. पण सह्याद्रीची स्वतःची एक खोडी आहे. आपला बसाल्ट लोहयुक्त आहे आणि माथ्यावरच्या कातळावर वीज पडलेली असेल तर तो कातळ स्थानिक चुंबकासारखा वागतो. म्हणून होकायंत्र दगडावर ठेवून वाचायचं नाही, हातात धरायचं, चार पावलं बाजूला सरकून पुन्हा वाचायचं आणि फोन खिशात नव्हे तर लांब ठेवायचा. असल्या गोष्टी हाताने केल्याशिवाय कळत नाहीत, म्हणूनच त्या शिकाव्या लागतात.

'जीपीएस आहे की'

पहिली सबब अर्थातच फोन. मी फोनचा शत्रू नाही. जीपीएस अचूक आहे आणि संकटात आपला ठावठिकाणा कळवायला त्यासारखं साधन नाही. फोन जरूर न्यावा, बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत, पॉवर बँकेसह.

पण आपल्याकडे फोनवर जे चालतं त्याला वाट शोधणं म्हणत नाहीत. कुणीतरी जानेवारीत नोंदवलेला ट्रॅक उतरवून घ्यायचा आणि जुलैत त्या रेघेवर आपला निळा ठिपका ठेवत चालायचं. त्या रेघेला ऋतू कळत नाही. जानेवारीत ज्या ओढ्यातून तो कोरड्या पायांनी गेला, तिथे आता छातीभर पाणी आहे. त्या रेघेत त्याच्या चुकाही जशाच्या तशा आहेत: चुकीच्या घळीत शिरून मागे फिरलेला अर्धा तास आणि आडोशाला गेलेलं वळणसुद्धा. रेघ सोडायची वेळ आली, दरड कोसळली, ओढा भरला, कुणाचा पाय मुरगळला आणि जवळचं गाव गाठायचं ठरलं, की ठिपका मुका होतो. तुम्ही कुठे आहात एवढंच तो सांगतो. कुठून उतरता येईल हे विचारायला नकाशा लागतो आणि तो वाचणारा माणूस लागतो.

'ॲपमध्येही कंटूर असतात' असं यावर सांगितलं जातं. असतात. पण अनेक ॲपमधल्या या रेषा उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवरून यंत्राने आखलेल्या असतात आणि हे आकडे ठरावीक अंतराने घेतलेले असतात. त्यामुळे सरळसोट कडा पडद्यावर जरा तीव्र उतार होऊन येतो. सह्याद्री तर कड्यांचाच बनलेला आहे. अर्थात छापील टोपोशीटही धुतल्या तांदळासारखा नाही. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये १५ मीटरचा कातळटप्पा बेमालूम लपतो. तो लपू शकतो हे माहीत असणं, हाच नकाशा वाचायला येण्याचा अर्थ आहे. ॲपवरही ते लागू आहे. ज्याला कागदावरचा कंटूर वाचता येतो, त्यालाच पडद्यावरच्या कंटूरचा उपयोग. बाकीच्यांना ती नक्षी.

'मावळ्यांकडे कुठे होकायंत्र होतं?'

ही सबब आपली खास मराठी आहे आणि छातीवर हात मारून दिली जाते. तिला इतिहासातूनच उत्तर देऊ.

२ फेब्रुवारी १६६१. करतलबखान मोठी फौज आणि सामानसुमान घेऊन कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. महाराजांची माणसं दोन्ही बाजूंच्या झाडीत होती. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. खान शरण आला, सामान टाकून गेला. ही लढाई मुलूख माहीत असण्याने जिंकली गेली. प्रत्येक घळ कुठे निघते, पाणी कुठे आहे, फौज कुठे अडेल, हे त्या माणसांना माहीत होतं. त्यांचा नकाशा डोक्यात होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरात राहून तयार झाला होता.

आता सांगा, शुक्रवारी रात्री कॉम्प्युटर बंद करून बसमध्ये बसणारे आपण या गोष्टीत कोण? आपल्याला मुलूख माहीत नाही, पाठीवर सामान भरपूर आहे आणि पुढचा जातो म्हणून मागचा जातो. वीकेंडला आपण मावळे नसतो, करतलबखान असतो. मावळ्यांचं नाव घ्यायचं असेल तर मुलूख वाचायला शिकायला हवं.

याच सबबीचा जरा सभ्य अवतार म्हणजे 'गावातला माणूस बरोबर असला की झालं'. घाटवाटांवर स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याला योग्य पैसे द्यावेत, याबद्दल दुमत नाही. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर या मंडळींना त्यांच्या रानाबद्दल जे ठाऊक आहे ते कुठल्याच कागदावर नाही. पण नकाशा वाचणारा त्याच माणसाला शहाणे प्रश्न विचारू शकतो: 'मामा, या पदरातून आडवं गेलं तर पलीकडच्या नाळेत उतरता येतं का? पावसात?' नकाशा न वाचणारा फक्त 'अजून किती वेळ?' विचारतो. शिवाय हे स्थानिक ज्ञान टिकवायचं असेल तर ते कुठेतरी मांडावं लागेल. टोपोशीटवर अनेक ठिकाणांची नावं चुकीची आहेत आणि अनेक खिंडींना, टेपाडांना, पाणवठ्यांना नावच नाही. ती भरून काढायला ज्याला जागा नेमकी दाखवता येते असा माणूस लागतो. 'पुढे एक मोठं आंब्याचं झाड लागतं, तिथून डावीकडे' अशा वाटवर्णनांनी आपले ब्लॉग भरले आहेत. आंबा तुटला की वर्णन संपलं.

आणि होकायंत्र ही परकी चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी नैनसिंग रावत आठवावा. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातला हा शाळामास्तर. १८६५-६६ मध्ये तो वेषांतर करून ल्हासापर्यंत चालत गेला. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी, म्हणजे माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं. होकायंत्र सामानात लपवलेलं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. पावलं मोजणं आणि दिशा धरणं या दोन साध्या गोष्टींवर त्याने तिबेटच्या नकाशातली मोठी रिकामी जागा भरली. आपल्याला तोलार खिंडीपासून देवळापर्यंतच जायचं आहे.

सरकारचं माप सरकारच्या पदरात

एक सबब मात्र एकेकाळी खरी होती, तिचं श्रेय ज्याचं त्याला द्यायला हवं. नकाशे मिळतच नव्हते.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा, जगातल्या जुन्या सर्वेक्षण संस्थांपैकी एक. १८०२ मध्ये मद्रासहून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने हा उपखंड इंचाइंचाने मोजला. साखळ्या ओढणारे, ध्वज रोवणारे, तापाने मरणारे खलाशी इथलेच होते. आणि स्वातंत्र्यानंतर त्याच देशाच्या नागरिकाला त्या नकाशांसाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे तपशीलवार नकाशे 'प्रतिबंधित' वर्गात होते. सह्याद्रीचा बराच मोठा भाग त्या पट्ट्यात पडतो. म्हणजे ज्या डोंगरात आपण सर्वाधिक फिरतो, नेमका त्याचाच कागद दुकानात मिळत नव्हता. त्याच वेळी अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले ठेवले होते. आपल्या डोंगराचा नकाशा शत्रूला मिळू नये म्हणून लपवला गेला आणि तो टेक्सासहून उतरवून घेता येत होता. या धोरणामुळे सुरक्षा किती वाढली ते ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. नकाशा वाचणारी एक आख्खी पिढी मात्र घडली नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा पुस्तकांच्या दुकानात मिळतो आणि स्वीडनमध्ये नकाशा घेऊन रानात वाट शोधणं शाळेच्या शारीरिक शिक्षणाचा भाग असतं. तिथली माणसं जन्मतः हुशार नसतात. त्यांच्या हातात लहानपणी कागद पडतो.

पण तो काळ सरला. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका आणली. २०१७ मध्ये 'नक्शे' हे संकेतस्थळ सुरू झालं आणि आधार क्रमांकावर टोपोशीट फुकट उतरवून घेता येऊ लागले. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरची बंधनं आणखी सैल केली. तेव्हा सरकारकडे बोट दाखवण्याची मुदत संपली आहे. आता कागद न मिळण्याला कारण एकच, आपण मागितला नाही.

पैसे घेता ना?

तर मग जबाबदारी कुणाची? जो पैसे घेऊन लोकांना डोंगरात नेतो त्याची, सगळ्यांत आधी.

'लीडर' कसा ठरतो ते पाहा. तोच ट्रेक पाच-सहा वेळा केलेला, उत्साही, आवाज खणखणीत. वाट पाठ असली की तो लीडर. पण पाठ असलेली वाट धुक्यात विसरते आणि वाट काढता येणं हे निराळं शिक्षण आहे. प्रथमोपचाराचा दाखला मागण्याची पद्धत आता कुठे रुजते आहे. माणूस हरवल्यानंतरच्या इलाजाचा दाखला हवा, हरवू नये याचा नको? उत्तरकाशी-दार्जिलिंगच्या संस्थांत बेसिक कोर्सला नकाशावाचन असतं. एनसीसीच्या अभ्यासक्रमात ते आहे. म्हणजे शिकवणारे आहेत, शिकलेलेही आहेत. फक्त सह्याद्रीतल्या बाजाराने त्याची अट कधी घातली नाही.

आणि चूक झाली की रात्री-अपरात्री कोण निघतं? महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले स्वयंसेवक आणि पायथ्याच्या गावातली माणसं. आपली कामं टाकून, बहुधा फुकट, भर पावसात. त्यांचा पहिला प्रश्न असतो 'कुठे आहात?' आणि पलीकडून उत्तर येतं, 'झाडी आहे, खाली दरी आहे.' सह्याद्रीत कुठे झाडी आणि खाली दरी नाही? 'खिंडीपासून पाऊण तास पश्चिमेला, दुसरा ओढा ओलांडून सोंडेवर' एवढं जरी सांगता आलं तरी वीस माणसांची रात्र वाचते. नकाशा न शिकण्याची किंमत आपण एकटे मोजत नसतो.

शाळांबद्दल थोडक्यात. दहावीच्या भूगोलाला आपण भारताच्या आराखड्यात ठिपके देऊन गुण मिळवतो. बारा वर्षांत एकदाही कुणी वर्गाला मागच्या टेकडीवर नेऊन 'ही बघा सोंड, आणि ही बघा कागदावरची तीच सोंड' असं दाखवत नाही. ते सुधारेल तेव्हा सुधारेल, त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही.

कारण शिकायची अर्धी तयारी आपल्याकडे आधीपासूनच आहे. जीवधनच्या माथ्यावर पोचल्यावर प्रत्येक गटात एक जण हात लांब करून सांगू लागतो: तो नानाचा अंगठा, तो ढाकोबा, तो दुर्ग, तो लांबचा हरिश्चंद्रगड. हा आपला आवडता खेळ आहे. ओळखीच्या तीन शिखरांचे कोन होकायंत्राने घ्या, नकाशावर त्या शिखरांपासून उलट रेघा ओढा, जिथे तिन्ही मिळतील तिथे तुम्ही उभे आहात. खेळ तोच, फक्त हातात दोन साधनं. एक-दोन वीकेंड ट्रेकच्या फीमध्ये बऱ्यापैकी होकायंत्र येतं. आधी सिंहगडासारख्या ओळखीच्या जागी, स्वच्छ दिवशी, वाट माहीत असताना सराव करावा. धुक्यात धडा गिरवायला बसू नये.

पुढच्या खेपेला ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. लीडरकडे या भागाचा नकाशा आणि होकायंत्र असेल का? त्याला ते वापरता येतं का? वाट बंद झाली तर उतरायची दुसरी वाट कुठली ठरवली आहे? 'आमचा लीडर दहादा जाऊन आलाय' असं उत्तर मिळालं, तर समजा की तिन्ही प्रश्नांना नकार आला आहे. पैसे खिशात ठेवा आणि त्यातून होकायंत्र घ्या.